ढकलणारा खटका, धरणारा खटका

माझ्या दवाखान्यातील टेबलावर, पेपरवेटच्या जागी, पितळ आणि लोखंडाची एक जुनी वस्तू गेली अनेक वर्षे पडून आहे. रुग्णांसोबत आलेली मुले तिला हात लावल्याशिवाय राहत नाहीत. एक पट्टी बोटाने दाबून सोडली की 'खट्' असा आवाज होतो आणि वरचे पाते एक घर पुढे सरकते. पुन्हा दाबावे, सोडावे. पुन्हा एक घर. 'डॉक्टरकाका, हे काय आहे?' या प्रश्नाचे उत्तर मी आजवर थोडक्यात देत आलो : 'जुन्या टेलिफोनचा भाग आहे, बाळा.' स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा वाटले की या वेळी उत्तर सविस्तर द्यावे.

या वस्तूचे नाव युनिसिलेक्टर. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. माझ्या शाळकरी वयात सुट्टीच्या दिवशी ते मला क्वचित सोबत नेत. जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांत ओळीने बसवलेली शेकडो यंत्रे आणि पावसाची सर पत्र्यावर पडावी तसा अखंड खडखडाट. गावात सकाळी दुकाने उघडली की ती सर वाढे, दुपारी ओसरे, आणि रात्री एखादाच थेंब पडावा तसा आवाज येई. 'रात्री अडीच वाजता खटखट झाली,' अण्णा म्हणत, 'म्हणजे कोणीतरी डॉक्टरला नाहीतर स्टेशनला फोन लावतोय.'

पुढे-मागे हालचालीतून फेरी

विद्युतचुंबकाला येते ती एकच हालचाल. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की मधले मऊ लोखंड चुंबक बनते आणि समोरची पट्टी, म्हणजे आर्मेचर, स्वतःकडे ओढते. प्रवाह थांबला की चुंबकत्व जाते आणि स्प्रिंग पट्टीला मागे नेते. ओढणे आणि सोडणे, याखेरीज त्याला दुसरे काही ठाऊक नाही. या पुढे-मागे होण्यातून चाक एकाच दिशेने, मोजून एकेक पाऊल फिरवायचे कसे, हा खरा प्रश्न होता.

उत्तर आपल्या सर्व शल्यचिकित्सक मित्रांच्या हातात रोज असते. आर्टरी फोर्सेप्स मिटताना 'टिक्, टिक्' असा आवाज येतो. तिच्या मुठींवरचे तिरपे दात एकमेकांवरून पुढे घसरतात, पण मागे येत नाहीत. म्हणून रक्तवाहिनीवरची पकड बोटे काढून घेतल्यावरही टिकते. हेच तिरपे दात एका चाकाच्या परिघावर कापले आणि आर्मेचरच्या टोकाला एक खटका बसवला, की यंत्र तयार झाले. खटका एका दिशेने जाताना दाताच्या उतारावरून घसरतो. उलट दिशेने येताना दाताच्या उभ्या कडेला अडून चाक ढकलतो. प्रवाहाचा एक झटका म्हणजे चाकाचे एक पाऊल. दहा झटके, दहा पावले. ना कमी, ना जास्त.

युनिसिलेक्टरमध्ये यात एक गंमत आहे. चुंबक पट्टी ओढतो तेव्हा पाते हलत नाही. तेव्हा खटका फक्त एक दात मागे जाऊन बसतो आणि स्प्रिंग ताणली जाते. प्रवाह तुटतो त्या क्षणी ती स्प्रिंग चाकाला ढकलते. म्हणजे जोर लावला जातो एका क्षणी आणि काम होते ते जोर सुटल्यावर. आर्मेचरवर पितळेची एक बारीक घुंडीही असते. प्रवाह थांबल्यावर लोखंडात थोडेसे चुंबकत्व उरतेच. त्यामुळे पट्टी चिकटून राहू नये म्हणून ही घुंडी दोघांत केसभर अंतर ठेवते.

स्ट्राउजर यांचा शोध

या तत्त्वावर टेलिफोनचे जाळे उभे करणारा माणूस अभियंता नव्हता. आल्मन स्ट्राउजर हे अमेरिकेतील कॅन्सस सिटीमध्ये अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करीत. आपल्याकडे येणारे फोन ऑपरेटर बाई प्रतिस्पर्ध्याकडे वळवतात, अशा संशयाने त्यांनी ऑपरेटरविना चालणारे यंत्र शोधले, अशी कथा सांगितली जाते. पेटंट त्यांना 10 मार्च 1891 रोजी मिळाले आणि 1892 च्या नोव्हेंबरात इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी त्यांच्या पद्धतीचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. स्वतंत्र भारतात 1948 साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली आणि तेथे याच पद्धतीची एक्स्चेंजे तयार होऊ लागली. अण्णांचा सारा जन्म त्यांतच गेला.

ज्यांनी गोल डायलचा काळा फोन वापरला आहे त्यांना आठवेल : बोटाने चकती फिरवून सोडली की ती घरघरत परत येई. त्या परतीच्या प्रवासातच ती लाइनचा प्रवाह सेकंदाला सुमारे दहा वेळा या वेगाने तोडी. 4 फिरवला तर चार वेळा, शून्य फिरवले तर दहा वेळा. तिकडे एक्स्चेंजमध्ये सिलेक्टरचा दांडा पहिल्या आकड्याइतक्या पायऱ्या वर चढे आणि पुढच्या आकड्याइतकी घरे आडवा फिरे. दहा मजले, प्रत्येकी दहा खोल्या. एका दांड्याच्या आवाक्यात शंभर घरे. आपण घरी बसून एका दूरच्या चाकाला बोटाने पाऊल-पाऊल चालवत होतो, हे त्या वेळी किती जणांच्या लक्षात आले असेल?

दुसरा खटका

मोडीत निघालेला एक युनिसिलेक्टर अण्णांनी एकदा माझ्यासाठी मागून आणला. तो पट्टी दाबून चालवण्यात माझी एक दुपार गेली. संध्याकाळी अण्णांनी त्यातली एक लहानशी, पाठीमागची पोलादी जीभ सैल करून बाजूला सरकवली आणि म्हणाले, 'आता चालव.'

मी पट्टी दाबली. खटका मागे जाताना चाकालाही सोबत ओढून घेऊन गेला. सोडली, तेव्हा चाक पुढे आले. पुन्हा दाबली, पुन्हा मागे. आवाज तोच, मेहनत तीच, पण पाते जागच्या जागी झुलत राहिले.

'ढकलणारा खटका सगळ्यांना दिसतो,' अण्णा म्हणाले. 'तो हलतो, आवाज करतो. हा दुसरा काहीच करत नाही, नुसता धरून बसतो. पण हा झिजला की राँग नंबर लागतो. मी रोज आधी हाच तपासतो.'

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, तिचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. जुन्या पद्धतीच्या सिलेक्टरमध्ये एक वेगळा चुंबक असतो. बोलणे संपून रिसीव्हर खाली ठेवला की तो धरणारा खटका बाजूला करतो आणि दांडा मूळ जागी परततो. म्हणजे सुटकाही आहे, पण ती ठरवून, काम पुरे झाल्यावर. खटका झिजला म्हणून नव्हे. आर्टरी फोर्सेप्स उघडतानाही आपण मुठी मुद्दाम आडव्या सरकवतोच की.

एका डॉक्टरांचे यंत्र

पुढे मानसोपचाराविषयी वाचताना हा युनिसिलेक्टर मला अनपेक्षित ठिकाणी भेटला. डॉ. रॉस ॲशबी हे इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथील बार्नवुड हाउस या मानसोपचार रुग्णालयात संशोधन करीत. 1948 साली त्यांनी 'होमिओस्टॅट' नावाचे यंत्र चालवून दाखवले. शरीर आपले तापमान, रक्तातील साखर ठरावीक मर्यादेत कशी राखते, याला वॉल्टर कॅनन यांनी 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिले, ते आपण पहिल्या वर्षाच्या शरीरक्रियाशास्त्रात शिकतो. ॲशबींनी ते लोखंडात उतरवू पाहिले. चार खोकी एकमेकांना तारांनी जोडलेली. प्रत्येकावर पाण्याच्या पन्हाळीत बुडालेला एक हलता काटा आणि प्रत्येकात एक युनिसिलेक्टर. काटा मर्यादेबाहेर गेला की युनिसिलेक्टर एक पाऊल टाकी आणि जोडणी बदले. तरीही काटा स्थिरावला नाही तर आणखी एक पाऊल. प्रत्येकी 25 घरे, खोकी चार. एकूण 3,90,625 जोडण्या. यंत्र त्यांत चाचपडत जाई आणि समतोल सापडला की तेथेच थांबे.

ते थांबणे मला महत्त्वाचे वाटते. पाऊल टाकणे जितके आवश्यक, तितकेच सापडलेली जागा न सोडणे.

माझा झिजलेला खटका

हे सारे ठाऊक असूनही मी काय केले, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

1986 साली माझ्याकडे एक गिरणी कामगार येत असे. वय पस्तिशीचे, फुप्फुसाचा क्षय, थुंकीत जंतू. मी चार औषधे सुरू केली. दोन महिन्यांत खोकला गेला, ताप गेला, थुंकी स्वच्छ झाली, वजन वाढले. तो पेढे घेऊन आला. मी त्याची पाठ थोपटली, पुढील चार महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्या यशावर खूश झालो. पुढच्या महिन्यात तो आला नाही. ते माझ्या लक्षातही आले नाही, कारण माझ्या कागदावर त्याचा पत्ता नव्हता. वर्षभराने त्याची पत्नी त्याला रिक्षात घालून घेऊन आली, तेव्हा दोन्ही फुप्फुसे गेली होती. तीन आठवड्यांनी तो वारला. बरे वाटू लागले म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या होत्या. घरात तीन लहान मुले होती.

त्या रात्री मी जेवलो नाही. अण्णा तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, 'अरे, मग त्याला धरायला कोण होतं?'

मी रुग्णाला दोन महिने जोर लावून ढकलले होते आणि धरणारा खटका बसवलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी एक वही घातली. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाचा पत्ता, घरातील एका जबाबदार माणसाचे नाव, पुढील तारीख. तारीख चुकली की कंपाउंडर पोस्टकार्ड टाकी. दुसरी चुकली की सायकलवर घरी जाई. पुढे 1997 साली सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली गोळी गिळण्याची पद्धत 2006 पर्यंत देशभर पोचली. त्यात औषधे बरीचशी तीच होती. नवा होता तो धरणारा हात. आता नाव बदलले आहे, गोळ्या रोज दिल्या जातात, पण त्या हाताची गरज कमी झालेली नाही.

खटका नाहीसा झाला का?

अण्णांची एक्स्चेंजे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने केव्हाच इतिहासजमा केली. आज सिरिंज पंपात स्टेपर मोटर असते. तिच्यात खटका नाही, चुंबकांची ओढच पावले टाकते आणि तीच धरूनही ठेवते. आपल्या न्यूरोसर्जन मित्रांना हकीम प्रोग्रामेबल व्हॉल्व्ह परिचित आहे. डॉ. सालोमोन हकीम हे कोलंबियातील न्यूरोसर्जन. त्यांचे अभियंता पुत्र कार्लोस यांनी हा समायोज्य व्हॉल्व्ह विकसित केला. मेंदूतील पाण्याचा दाब 30 ते 200 मिलिमीटरपर्यंत अठरा पायऱ्यांत, डोक्याबाहेरून चुंबकीय क्षेत्राने, शस्त्रक्रियेविना बदलता येतो. मात्र त्याची जागा एमआरआयच्या प्रबळ चुंबकाने हलू शकते. म्हणून तपासणीनंतर पायरी पुन्हा पडताळावी लागते. पुढे निघालेल्या काही व्हॉल्व्हमध्ये त्यासाठी वेगळे कुलूप बसवले गेले. धरणारा खटका नव्या वेषात परत आला, एवढेच.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षे झाली. सैल केलेली ती पोलादी जीभ त्यांनीच त्या संध्याकाळी पुन्हा बसवून दिली होती. ती अजून घट्ट आहे. मधुमेहाचा एखादा रुग्ण 'आता साखर ठीक आहे, गोळी सोडू का?' असे विचारतो, तेव्हा मी त्याच्यापुढे ती वस्तू सरकवतो आणि पट्टी दाबायला सांगतो. मग मागचा खटका दाखवतो. बहुतेकांना पुढे काही सांगावे लागत नाही. आणि तो उठून गेल्यावर त्याच्या पुढील भेटीची तारीख मी वहीत लिहितो.