टाक्यावरची राणी

लेखमाला : दगड आणि पोथी – भाग ९

गेल्या भागात आपण इजिप्तमधल्या सक्काऱ्याच्या भुयारांत, आपिस या पवित्र बैलांच्या थडग्यांपाशी थांबलो होतो. मॅनेथो या इजिप्ती पुरोहिताने इ.स.पू. तिसऱ्या शतकात केलेली राजांची यादी मुळातून हरवली आहे. पुढच्या लेखकांनी तिच्यातून उतरवून घेतलेल्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. मारिएत या उत्खननकर्त्याने उघडलेल्या त्या थडग्यांतल्या एका शिळेने मात्र एक गाठ सोडवली. हा बैल पहिल्या सामटिकच्या ५३व्या वर्षी जन्मला, दुसऱ्या नेकोच्या १६व्या वर्षी मेला आणि १६ वर्षे, ७ महिने, १७ दिवस जगला, असे तिच्यावर कोरले आहे. हिशेब मांडला की सामटिकचे राज्य ५४ वर्षे चालले हे पक्के होते.

यादी एकीकडे, दगडावरची साधी नोंद दुसरीकडे. हीच रीत घेऊन आज बोरिवलीला येऊ.

सातवाहनांच्या शेवटच्या राजांची आपल्याकडची यादी पुराणांत आहे. तिथे त्यांना आंध्र म्हटले आहे. मत्स्य, वायू अशा पुराणांच्या पाठांत राजांची संख्या वेगळी, क्रम वेगळा, वर्षे वेगळी. शिवाय पुराणकारांना राजाचे नाव आणि त्याच्या राज्याची वर्षे यांपलीकडे फारशी उत्सुकता नव्हती. राजाची राणी कोण, सोयरीक कुठली, बंदरावर कुणाचा ताबा, हे विचारायचे तर कान्हेरीचा डोंगर चढावा लागतो.

राष्ट्रीय उद्यानातल्या या शंभरावर लेण्यांत पाण्याची टाकी जागोजागी खोदलेली आहेत. त्यांतल्या एका टाक्याशी एक तुटका लेख आहे. मला विचाराल तर मुंबईच्या हद्दीतला हा सर्वांत मोलाचा लेख. टाके दान करणारा शतेरक नावाचा अमात्य. तो एका राणीच्या विश्वासातला होता, म्हणून लेखात आधी तिची ओळख येते : वासिष्ठीपुत्र श्री सातकर्णीची देवी, कार्दमक राजांच्या कुळात जन्मलेली, महाक्षत्रपाची, म्हणजे पश्चिमेकडच्या शक राजाची, मुलगी. त्या महाक्षत्रपाच्या नावातले ‘रु’ एवढे अक्षर वाचता येते. राणीचे स्वतःचे नाव दगडाने राखलेले नाही.

आता गुजरातेत जुनागढला जाऊ. तिथल्या खडकावर महाक्षत्रप रुद्रदामनचा लेख आहे, शक ७२ चा, म्हणजे इ.स. १५० चा. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा हरवले, पण नाते जवळचे असल्याने त्याचा उच्छेद केला नाही, असे तो सांगतो. नाते कोणते, हे त्याने सांगितलेले नाही. कान्हेरीचे टाके ते सांगते. ‘रु’ म्हणजे रुद्रदामनच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते धरले तर जुनागढला बढाई मारणारा राजा हा सासरा आणि दोनदा हरलेला सातकर्णी हा त्याचा जावई किंवा जावयाच्या घरातला कुणी. त्या काळातले कान्हेरीचे बहुतेक लेख प्राकृतात आहेत, हा मात्र संस्कृतात. रुद्रदामनचा जुनागढचा लेखही संस्कृतातच आहे. माहेरची भाषा राणीच्या मागोमाग या डोंगरापर्यंत आली असावी, असे मला वाटते.

भांडण कशाचे होते? बरेचसे बंदरांचे. ‘पेरिप्लस’ हा समुद्रप्रवासाचा ग्रंथ इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहिला. कल्याणचा व्यापार अडवला गेला आहे आणि तिथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे त्याने लिहून ठेवले आहे. भडोच क्षत्रपांकडे होते. कल्याण हे सातवाहनांचे बंदर; ते अडले की त्यांचा हात आखडत असे.

म्हणून कान्हेरीचा दुसरा एक लेख वाचताना आनंद होतो. तो गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीच्या १६व्या वर्षाचा आहे, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. दान देणारा अपरेणु हा कल्याणचा व्यापारी. त्याने लेणे खोदवले आणि भिक्षूंच्या खर्चासाठी दोनशे कार्षापण नाण्यांची कायमची ठेव ठेवली. सोबत मंगलठाण गावातले एक शेतही दिले. मंगलठाण म्हणजे आजचे बोरिवली पूर्वेचे मागाठाणे. आज मेट्रो जिथे थांबते त्या भागातल्या शेताच्या उत्पन्नावर डोंगरावरचे भिक्षू पावसाळा काढत. कल्याणच्या पेठेत पुन्हा पैसा खेळू लागला होता, हे या एका दानातून कळते. यज्ञश्रीचे नाव पुराणांच्या यादीत आहे. त्याच्या राज्यात कोण कमावत होते आणि कमाई कुठे ठेवत होते, हे अपरेणुने लिहून ठेवले.

इजिप्तच्या अभ्यासकांना एक सोय होती. आपिसच्या शिळांवर वर्ष, महिना, दिवस, सगळे असे. कान्हेरीत वर्ष मिळते ते राजाच्या कारकिर्दीचे. त्याला शकाशी किंवा इसवी सनाशी बांधायचे तर जुनागढसारखा दुसरा खुंटा लागतो. त्यामुळे सातवाहनांच्या तारखांत अजून वर्षा-दोन वर्षांचा नव्हे, दशकांचा वाद आहे.

त्या वादातला एक महत्त्वाचा साक्षीदार नालासोपाऱ्याचा. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला, तेव्हा आत यज्ञश्रीचे चांदीचे नाणे मिळाले. त्यावर राजाचा चेहरा आहे, आणि त्याची घडण थेट क्षत्रपांच्या नाण्यांसारखी आहे. पुढच्या आठवड्यात त्या नाण्याविषयी.