वाडा कोणाचा?

शहाद्याजवळून वाहणारी गोमाई नदी प्रकाशे येथे तापीला मिळते. केदारेश्वर व पुष्पदंतेश्वर यांच्या मंदिरांमुळे या गावाला दक्षिणकाशी म्हणतात. यात्रेकरू संगमावर स्नान करतात, दर्शन घेतात आणि परततात. गावाच्या जुन्या पांढरीकडे मात्र त्यांचे क्वचितच लक्ष जाते. १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे बा. कृ. थापर यांनी ही पांढर खणली, तेव्हा एकाखाली एक असे वस्तीचे थर उघडे पडले. सर्वांत तळाचा थर ताम्रपाषाणयुगाचा, म्हणजे येथे लोखंड ठाऊक होण्यापूर्वीचा होता. तापीकाठच्या मनुष्यवस्तीचा हा इतिहास कोणी कागदावर लिहून ठेवलेला नव्हता. तो मातीतच साठलेला होता.

आता अनेक गावी पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकण्याची रीत आहे. ती माती खरोखरच सकस असते आणि नेणारा शेतकरी काही दुष्ट बुद्धीने नेत नाही. त्याला पीक हवे असते. इतिहासाच्या अभ्यासकाला तीच माती जागच्या जागी हवी असते. जुन्या वास्तूंविषयीचे बहुतेक तंटे याच जातीचे असतात. दोन्ही पक्षांची गरज खरी असते, म्हणून निवाडा अवघड होतो.

हा निवाडा कोणी करावयाचा? राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण १९५८ च्या कायद्यान्वये केंद्रसरकार करते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. परंतु प्रत्येक शहरात असे कितीतरी वाडे, घाट, वेशी आणि शाळागृहे असतात, की ज्यांची नोंद या दोन्ही याद्यांत नसते. त्यांचे भवितव्य बहुधा नगरपालिकेच्या हाती असते. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा तयार होतो. कोठे रस्ता रुंद होणार, कोठे बाजार बसणार, हे त्यात दाखविलेले असते. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूदही त्यातच करता येते. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला म्हणजे नागरिकांना ठराविक मुदतीत हरकती व सूचना देता येतात. घराचा ओटा रस्त्यात जाणार असेल तर माणूस धावत जाऊन हरकत नोंदवितो. गावची वेस रस्त्यात जाणार असेल, तर मात्र ती आपली एकट्याची नाही म्हणून प्रत्येकजण घरी बसतो.

पुणे शहरातील तीन वाड्यांची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पहिला शनिवारवाडा. १७३० मध्ये त्याचा पाया घातला गेला आणि १८२८ च्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. तट व दिल्ली दरवाजा उभे आहेत आणि केंद्राचे त्यांना संरक्षण आहे. अशा स्मारकापासून शंभर मीटरांच्या आत नवे बांधकाम करण्यास १९९२ च्या अधिसूचनेने मनाई झाली व २०१० मध्ये ती कायद्यातच घालण्यात आली. स्मारकाच्या दृष्टीने हे योग्यच होय. परंतु त्या शंभर मीटरांत राहणाऱ्या कुटुंबांची जुनी घरे मोडकळीस आली, तरी त्यांच्या जागी नवी उभारता येईनात. ही तक्रार पुण्याच्या निवडणुकांतूनही ऐकू आली. मतदाराच्या डोक्यावरचे छप्पर गळत असेल, तर त्याला पेशव्यांचा तट पाहून समाधान वाटावे, ही अपेक्षा जरा जादाच म्हटली पाहिजे.

दुसरा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावासाठी बांधलेला हा वाडा १८०७ च्या सुमारास पुरा झाला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा आली. १८७९ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला, तो पुन्हा उभारण्यात आला. विसाव्या शतकात काही दशके नगरपालिकेचा कारभार याच वाड्यातून चाले. नित्य उपयोगात असलेल्या घराची कौले वेळच्या वेळी चाळली जातात आणि वाळवीही लौकर दिसते. सुरूच्या खांबांचे त्याचे नक्षीदार दर्शनी अंग आजही पाहावयास मिळते, त्याचे श्रेय या सततच्या वापरालाही दिले पाहिजे.

तिसऱ्या वाड्याची गोष्ट चटका लावणारी आहे. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. पुढे तेथे दुकाने आली, भाडेकरू आले. २००६ मध्ये महानगरपालिकेने येथे राष्ट्रीय स्मारक करण्याचा ठराव केला. पण वाडा खाजगी मालकीचा आणि दुकानदारांचा चरितार्थ त्यावर अवलंबून. प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षामागून वर्षे लोटली. इतक्यात पावसाने आपले काम केले. भिंती खचल्या, छप्पर बसले. २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा महापालिकेच्या बाजूचा निर्णय कायम ठेवला, आणि डिसेंबरात एका रात्री तो वाडा पाडण्यात आला. स्मारकासाठी जागा मिळाली, परंतु त्या पहिल्या मुलींनी ओलांडलेला उंबरठा राहिला नाही.

मालकाचे नुकसान भरून देण्याचा मार्ग मुंबईने शोधला. १९९५ मध्ये तेथे वारसा वास्तूंची नियमावली लागू झाली. वास्तूंच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिलीत बदलाला जवळजवळ वाव नाही, तिसरीत तो पुष्कळसा आहे. ज्या मालकाला यामुळे जादा मजले चढविता येत नाहीत, त्याला तेवढा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकण्याची सोय ठेवण्यात आली. एवढे करूनही वाद मिटले नाहीत. २०१२ मध्ये यादी वाढविण्याचा प्रस्ताव येताच दादर व शिवाजी पार्क भागांतील रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला. जुन्या इमारतींची भाडी अल्प, डागडुजीचा खर्च मोठा आणि पुनर्बांधणीची आशा डोळ्यांपुढे. अशा वेळी यादीत नाव येणे हा त्यांना मान न वाटता जाच वाटला. या हरकतींवर सुनावणी झाली. रहिवासी आपापल्या इमारतीची कागदपत्रे घेऊन आले होते, आणि कित्येकांना आपली इमारत कोणत्या वर्षी बांधली गेली हे त्या निमित्ताने प्रथमच शोधावे लागले.