मंत्री नसलेल्या सभासदाचें बिल

मंत्री नसलेल्या सभासदाचें बिल बहुधा पास होत नाहीं. मग तें मांडावें कशाला? १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबई विधानसभेंत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. रत्नागिरी-कुलाब्याकडे सरकार आणि कूळ यांच्यामध्यें वसुलीला खोत. पिकाचा वांटा देऊन वर वेठही कुळाच्याच माथीं! खोताला मोबदला द्यावा व कसणाऱ्याचें नातें सरकारशीं सरळ जोडावें, हा बिलाचा गाभा. खेर मंत्रिमंडळाच्या अमदानींत तें पास झालें नाहीं. मात्र गाऱ्हाण्याला कलमांचें रूप आलें, हें मला थोडें वाटत नाहीं. १० जानेवारी १९३८ रोजीं हजारों शेतकरी हीच मागणी घेऊन मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानें. तेव्हांही मंत्रिमंडळ खेरांचेंच होतें.