'इंटिरियर' कुणाला दिलंत?

नवे घर घेतले, की भेटणारा प्रत्येक माणूस तीन प्रश्न विचारतो. पहिला, "केवढ्याला पडलं?" दुसरा, "कितवा मजला?" आणि तिसरा, "इंटिरियर कुणाला दिलंत?" पहिल्या दोहोंची उत्तरे तोंडावर असतात. तिसऱ्यापाशी मात्र जीभ अडखळते. "अजून कुणालाच नाही" म्हणावे, तर "बिचाऱ्यांचे पैसे संपले वाटतं" असा भाव समोरच्या चेहऱ्यावर उमटतो, आणि "दिलंय एका बाईंना" म्हणावे, तर "मजा आहे बुवा तुमची!" असा.

आमच्यावर हा प्रसंग आला तो घाटकोपरच्या पंतनगरातील एक खोली-स्वयंपाकघराचे बिऱ्हाड हलवून मुलुंडला अकराव्या मजल्यावर दोन बेडरूमचा ब्लॉक घेतला तेव्हा. जुन्या जागेचे पैसे, ह्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातील उचल आणि बँकेचे पंधरा वर्षांचे कर्ज, एवढ्यावर ते घर झाले. हाती उरले ते बेताचेच. ते कशावर खर्चावेत, यावर घरात रोज रात्री जेवणे झाली, की सभा भरू लागली. हे म्हणत, "आयुष्यात एकदाच घर होतंय, जाणत्या माणसाकडून करून घेऊ." सासूबाई, वय वर्षे एकोणऐंशी, म्हणत, "तेवढ्या पैशात सुतार जन्मभर घरी ठेवता येईल!" लेक घरूनच कचेरीचे काम करते, तिला दार लावून बसता येईल असा कोपरा हवा होता. मला हवा होता माझ्या उंचीचा ओटा. सगळ्यांचेच म्हणणे रास्त, आणि पैसे मात्र एकाच्याच म्हणण्यापुरते!

ही मंडळी कोण?

गृहसजावट ही आजकालची थेरे आहेत, असा एक समज आहे. तो तितकासा खरा नाही. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये १९३७ साली 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' या संस्थेने आदर्श घरांचे प्रदर्शन भरवले होते. ब्लॉकमध्ये राहायला जाणाऱ्या कुटुंबाने खोल्या कशा मांडाव्यात, हा विषय तेव्हापासून शहरात चर्चेत आहे. इंटिरियर डिझायनरांची अखिल भारतीय संस्था १९७२ साली स्थापन झाली, तीही मुंबईतच. आपल्या मध्यमवर्गीय घरांत हे वारे उशिरा शिरले एवढेच. मुलुंड आणि बोरिवली १९५७ साली मुंबई महापालिकेत आले. गिरगाव-दादरच्या चाळींतून तिकडे गेलेल्या कुटुंबांची सजावट म्हणजे एक लोखंडी खाट, भिंतीतली फळी आणि पुढेमागे बोनस मिळाला की घेतलेले गोदरेजचे कपाट. त्या कारखान्याने पोलादी कपाटे करायला १९२३ साली सुरुवात केली होती. पुढे तो आपल्या विक्रोळीलाच आला. ते कपाट आमच्याकडे अजून आहे, आणि त्याचे दार अजून घट्ट लागते.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने जाणून घ्यावी. 'आर्किटेक्ट' ही पदवी लावायला १९७२ च्या कायद्यान्वये नोंदणी लागते. 'इंटिरियर डिझायनर' या नावाला तसा कायदा नाही. रीतसर शिक्षण घेतलेले उत्तम लोक या व्यवसायात आहेत. आणि काल प्लायवूडच्या दुकानात बसणारा गृहस्थही आज तीच पाटी लावू शकतो. तेव्हा पाटी पाहून भुलू नये. त्याने पूर्वी केलेले घर पाहावे, आणि तेही नवे कोरे नव्हे. चार-पाच वर्षे वापरलेले पाहावे. बिजागऱ्या आणि खण तेव्हाच खरे बोलतात.

तीन याद्या

आमच्या सभेतील भांडण मिटले ते एका वहीमुळे. कामांच्या तीन याद्या केल्या: भिंतीच्या आत जाणारी, भिंतीला चिकटणारी आणि भिंतीपासून सुटी.

भिंतीच्या आत जातात त्या विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ. दारे, उंबरे, फरशीचा उतार हेही याच यादीत. इथे चूक झाली, की दुरुस्ती म्हणजे फोडाफोड. त्यात आता उपनगरांतील अनेक नव्या इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून उभ्या राहतात. विटांची भिंत नसतेच. आतली भिंतसुद्धा सळया घातलेली आणि इमारतीचा भार वाहणारी असते. ती पाडता येत नाही, आणि तारेसाठी खाचसुद्धा मारू नये. अशा घरात जाणत्या माणसाला किल्ली मिळाल्यावर बोलावणे म्हणजे मुंज झाल्यावर भटजींना मुहूर्त विचारणे!

भिंतीला चिकटणारी म्हणजे कपाटे, माळे, ओट्याखालचे खण. यांना घाई नाही. आणि सुटी म्हणजे खाट, टेबल, खुर्च्या, पडदे. त्यांना आपल्या नजरेखेरीज कुणाचीच गरज नाही. पडद्यांसाठी मंगलदास मार्केटात फिरावे, खुर्च्या-टेबलांसाठी जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यात. जिभेला थोडी घासाघीस येत असली म्हणजे झाले.

याद्या समोर आल्यावर निर्णय सोपा झाला. पहिल्या यादीपुरते डिझायनरला बोलवायचे, घराचा ताबा मिळण्याच्या सहा महिने आधी. आणि तिच्याकडून नकाशे व सल्ला घ्यायचा. बाकीच्या दोन याद्या आमच्या आणि सुताराच्या.

"आजी, रात्री किती वेळा उठता?"

आलेली मुलगी जेमतेम तिशीची. तिच्याकडे फोटोंचे बाड असेल म्हणून आम्ही चष्मे पुसून बसलो होतो. तिने काहीच दाखवले नाही. पंतनगरच्या घरात ती तासभर नुसती बसली. मग सासूबाईंना विचारले, "आजी, रात्री किती वेळा उठता?" सासूबाई आधी चपापल्या, मग म्हणाल्या, "तीनदा तरी." दुसरा प्रश्न, "दिवा लावता?" "नाही गं, सगळ्यांची झोपमोड कशाला?"

या दोन उत्तरांवर तिने निम्मा नकाशा काढला. न्हाणीघराचे दार आत उघडणारे होते. माणूस आत पडला, तर तोच दाराला आड येतो आणि बाहेरच्यांना शिरता येत नाही. ते बाहेर उघडणारे करायचे. न्हाणीघराचा उंबरा चार बोटे उंच होता; तो अर्ध्या इंचावर आणायचा आणि फरशीला जाळीकडे चांगला उतार द्यायचा. कमोडशेजारी पोलादी दांडा, आणि त्याचे स्क्रू जिथे जातील तिथे नळ येऊ नये म्हणून आधीच खूण. खाटेवरून हात पोचेल तिथे बटण, आणि वाटेत जमिनीलगत मंद दिवा.

माझ्याही ओट्याचा न्याय तिथेच झाला. तिने मला सरळ उभे केले, जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली आणि चार इंच वजा केले. आले तेहेतीस. बांधकामदाराच्या नकाशात होते पस्तीस. "काकू, दोन इंचांनी काय होतं म्हणाल, पण रोज पोळ्या लाटताना खांदे वर उचलावे लागतील," ती म्हणाली. गेली पंचवीस वर्षे खांदे कशाने दुखतात, ते मला कुणीच सांगितले नव्हते.

आम्ही बांधकामदाराला पाच विनंत्या लिहून दिल्या. तीन मान्य झाल्या: न्हाणीघराचे दार व उंबरा, विजेची बटणे आणि ओट्याची उंची. दोन नाकारल्या गेल्या, आणि त्या रास्तच नाकारल्या. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत काँक्रीटची होती. आणि मोरी दुसऱ्या भिंतीला नेली असती, तर तिचा नळ खालच्या कुटुंबाच्या झोपायच्या खोलीवरून गेला असता. आपली ओली जागा दुसऱ्याच्या कोरड्या जागेवर कधीही नेऊ नये. गळतीवरून मोडलेला शेजार सहसा पुन्हा जुळत नाही.

गेल्या भाद्रपदात एका रात्री सासूबाईंचा तोल गेला आणि हात दांड्यावर पडला. मनगट मुरगळले, तेवढ्यावर निभावले. त्या मुलीला दिलेल्या पैशांचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

भिंतीला पाऊस पिऊ द्या

ताबा चैत्रात मिळाला. वास्तुशांत केली, दूध उतू घातले आणि जुने कपाट, जुन्या खाटा घेऊन राहायला गेलो. सुताराला लगेच बोलावू या, असा ह्यांचा आग्रह होता. सासूबाई म्हणाल्या, "नवी भिंत एक पाऊस प्यायल्याशिवाय तिला काही टेकवू नये." ही जुनी शहाणीव आम्ही मानली.

मुलुंडच्या पश्चिमेला डोंगर आहे, आणि आषाढातला पाऊस वाऱ्यासकट येतो. जुलैत झोपायच्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीवर आधी पानाएवढा आणि मग परातीएवढा ओलावा दिसू लागला. नकाशात कपाट नेमके त्याच भिंतीला होते! ते तिथे ठोकले असते, तर प्लायवूड फुगेपर्यंत आणि लग्नातल्या पैठणीला बुरशी येईपर्यंत आम्हांला पत्ता लागला नसता. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्यात, म्हणजे ज्याला सगळे 'रेरा' म्हणतात त्यात, एक चांगली सोय आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणला, तर बांधकामदाराने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. आम्ही लेखी पत्र दिले, पोच घेतली. बाहेरचा सांधा भरून मिळाला. कपाट समोरच्या कोरड्या भिंतीला गेले, आणि सुताराचा रंधा फिरला तो दसऱ्यानंतर.

वाट पाहण्याचा आणखी एक फायदा. राहिल्याशिवाय घराच्या सवयी कळत नाहीत. दुपारचे ऊन कुठे येते, चपला कुठे साचतात, लेकीचा आवाज कोणत्या कोपऱ्यातून सगळ्या घराला ऐकू जातो, हे कागदावर दिसत नाही. शिवाय 'रेरा'च्या कार्पेट क्षेत्रफळात आतल्या आडभिंतींची जाडीही मोजलेली असते. त्यामुळे कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष पाय ठेवायला मिळणारी फरशी यांत फरक पडतो. टेप घेऊन स्वतः मोजलेलेच खरे.

आमच्या मजल्यावरील एका कुटुंबाने सगळे काम एका रकमेत बाहेर दिले. घर चित्रासारखे झाले, यात शंका नाही. फक्त छताखाली खोटे छत आले आणि माळा गेला. कोच भिंतीला पक्का झाला. गणपतीत आरतीची मंडळी दिवाणखान्यात मावेनात, काही ओट्यापाशी, तर काही जिन्यात उभी! त्यांचे मखर आता वर्षभर आमच्या माळ्यावर असते. दीड दिवसाच्या पाहुण्यासाठी आणि वीस पानांच्या पंगतीसाठी जमीन मोकळी ठेवावी, हे डिझायनरला आपणच सांगायला हवे.

पैशांची बोलणी

मोबदल्याच्या रीती साधारण तीन: एकूण खर्चावर टक्के, चौरस फुटाला दर, किंवा नुसत्या नकाशा-सल्ल्याची ठरीव रक्कम. टक्क्यांच्या रीतीत खर्च वाढला, की मोबदलाही वाढतो, हे ध्यानात ठेवावे. कोणत्याही रीतीत नकाशे किती, भेटी किती, मागाहून बदल केल्यास पैसे कुणाचे, हे कागदावर आणावे. १८ टक्के जीएसटी धरून सांगितले की सोडून, तेही विचारावे. "पाण्याचं प्लाय वापरू" या तोंडी शब्दावर विसंबू नये. मरीन प्लायवूडचे भारतीय मानक ७१० आहे, तो आकडा फळीवर छापलेला पाहावा. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, आणि शेवटचा हप्ता सगळे खण उघडून-मिटून पाहिल्यावर. काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. खांब आणि तुळईला तर हात लावूच नये.

मग बोलवावे की नको?

घरात म्हातारे किंवा अधू माणूस असेल, जुन्या घरातल्या तारा-नळ बदलायचे असतील, किंवा नवराबायको दोघेही दिवसभर बाहेर आणि सुतारावर नजर ठेवायला कुणी नसेल, तर अवश्य बोलवावे, आणि लवकर बोलवावे. रंग, पडदे आणि दोन कपाटे एवढाच प्रश्न असेल, तर ते पैसे कर्जाच्या हप्त्यात भरावेत. ज्यांच्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत, त्यांना तर संधी मोठी आहे. करारनाम्याला जोडलेल्या सोयींच्या यादीतच बटणे, उंबरे, ओटे ठरतात. ती यादी सही होण्यापूर्वी तीस कुटुंबांनी वर्गणी काढून एका जाणत्या माणसाला दाखवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च सहज झेपेल.

यंदाच्या दिवाळीत ज्यांच्या हाती नव्या किल्ल्या येतील, त्यांनी रिकाम्या घरात एक रात्र सतरंजीवर काढावी. दिवे मालवून घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या खोलीतून न्हाणीघरापर्यंत चालत जावे. हात कुठे भिंत शोधतो, पाय कुठे अडतो, ते वहीत लिहावे. डिझायनर येवो वा सुतार, त्याच्यापुढे पहिल्याने ती वही ठेवावी.