सरहद्द कोणी ओलांडली?

मागच्या उन्हाळ्यात महिनाभर कॅलिफोर्नियात, सॅन होजेला, भाच्याकडे होतो. एका शनिवारी चार मराठी मंडळी जेवायला जमली होती. बाहेर मेक्सिकन माळी हिरवळ कापत होता. त्याच्याकडे पाहून एक जण म्हणाले, "मुळात जमीन यांचीच. हळूहळू परत घेताहेत." दुसरे लगेच म्हणाले, "म्हणूनच भिंत हवी!" एकाच्या बोलण्यात सहानुभूती होती, दुसऱ्याच्या बोलण्यात धास्ती, गृहीत मात्र दोघांचे एकच. अमेरिकेतल्या राजकीय वादातही नेमके हेच चालते. परत आल्यावर मी वाचायला घेतले, तेव्हा लक्षात आले की 'जमिनीचा हक्क' या एका शब्दाखाली दोन अगदी निराळे दावे लपले आहेत.

आधी मूळ घटना. २ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालूपे हिदाल्गो येथे तह झाला. युद्धात हरलेल्या मेक्सिकोने दीड कोटी डॉलर घेऊन कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि आजच्या अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो, वायोमिंगचे मोठे-लहान भाग सोडून दिले. हा मुलूख महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा. आधीच गेलेला टेक्सास धरला तर मेक्सिकोने निम्म्याहून अधिक भूमी गमावली. टेक्सासची कथा तर आजच्या वादाची उलटी प्रतिमा आहे. तिथे अमेरिकी स्थलांतरितांचे लोंढे इतके वाढले की ६ एप्रिल १८३० रोजी मेक्सिकोला कायदा करून त्यांना मज्जाव करावा लागला. लोक तरीही येतच राहिले.

पण म्हणून मेक्सिकोचा हक्क सनातन ठरत नाही. मेक्सिको स्वतंत्र झाला १८२१ साली, म्हणजे या मुलखावर त्याची सत्ता जेमतेम २७ वर्षे. तीही बरीचशी कागदावर. कोमांची, अपाची, नवाहो यांच्या प्रदेशात सरकारी माणूस जायला धजत नसे. भूमीच्या मूळ मालकीचा हिशेब मांडायचाच असेल, तर तो या लोकांपाशी थांबतो, मेक्सिको सिटीत नाही.

आता पहिला दावा: स्थलांतरित गमावलेला मुलूख परत घेत आहेत, हा. १९६९ साली डेन्व्हरच्या परिषदेत चिकानो तरुणांनी नैर्ऋत्य अमेरिकेला 'आस्तलान', म्हणजे अझ्टेकांची दंतकथेतली मायभूमी म्हटले. "आम्ही सरहद्द ओलांडली नाही, सरहद्दीने आम्हाला ओलांडले" ही घोषणाही मोर्च्यांतून घुमली. राज्यशास्त्रज्ञ सॅम्युअल हंटिंग्टन यांनी २००४ साली इशारा दिला की अमेरिकेच्या भूमीवर ऐतिहासिक दावा सांगू शकणारा हा एकमेव स्थलांतरित गट आहे. दोन्ही बाजूंना या कल्पनेचा उपयोग होता, म्हणून ती टिकली.

स्थलांतराचा नकाशा मात्र वेगळे सांगतो. विसाव्या शतकात उत्तरेला गेलेल्यांपैकी फार मोठा वाटा हालिस्को, मिचोआकान, ग्वानाहुआतो, साकातेकास या पश्चिम-मध्य राज्यांतल्या लोकांचा. ही राज्ये कधीच अमेरिकेत गेली नाहीत; इथल्या कोणाच्या आजोबांची जमीन तहात बुडालेली नव्हती. १८८४ साली मेक्सिको सिटीहून एल पासोपर्यंत रेल्वे पूर्ण झाली आणि मजूर भरती करणारे दलाल तिच्या आधाराने या पठारात पोचले. पुढे १९४२ ते १९६४ या काळात 'ब्रासेरो' योजनेखाली पंचेचाळीस लाखांच्या आसपास करार झाले. हे सगळे अमेरिकी शेतमालकांना माणसे हवी होती म्हणून! १९६५ च्या कायद्याने पश्चिम गोलार्धावरही मर्यादा आली, मजुरीची गरज मात्र तशीच राहिली. तेच लोक त्याच शेतांवर येत राहिले. फक्त आता ते बेकायदा ठरले.

दुसरा दावा शांत आहे, आणि माझ्या मते खरा. तहाच्या वेळी त्या मुलखात सुमारे ऐंशी हजार ते एक लाख मेक्सिकन राहत होते. त्यांना नागरिकत्व निवडायला वर्षभराची मुदत दिली गेली आणि मालमत्तेची हमीही. परंतु जुन्या जमीन-सनदा मान्य करणारे दहावे कलम अमेरिकी सिनेटने गाळून टाकले. कॅलिफोर्नियात १८५१ च्या कायद्याने सनद सिद्ध करण्याचा भार मालकांवरच टाकला. ८१३ दावे आले, त्यांतले सहाशेच्या वर मंजूरही झाले. मात्र निकालाला सरासरी सतरा वर्षे लागली. तोवर वकिलांच्या फीपायी आणि कर्जापायी जमीन हातची गेलेली असे.

न्यू मेक्सिकोत नुकसान अधिक खोल होते. तिथे घर आणि शेत कुटुंबाचे, पण कुरण, सरपण, पाणी गावाचे. आपल्याकडचे गायरान डोळ्यांपुढे आणा. १८९७ साली सँडोव्हल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ही सामाईक जमीन गावाची नव्हतीच, राजसत्तेची होती. म्हणजे आता अमेरिकेची. सॅन मिगेल देल वादो गावाने तीन लाख एकरांहून अधिक मागितले होते, पदरात पडले सुमारे पाच हजार. गायरान गेल्यावर मेंढ्या गेल्या, आणि मेंढ्यांमागून माणसे मजुरीला गेली.

५ जून १९६७ रोजी रेइएस लोपेस तिहेरिना यांच्या साथीदारांनी तिएरा अमारिया येथील न्यायालयावर सशस्त्र धाड घातली, तेव्हा कुठे देशाला हा प्रश्न ऐकू आला. दोन सरकारी कर्मचारी जखमी झाले. धाडीचे समर्थन मी करणार नाही; पण ध्यानात घ्या, हे स्थलांतरितांचे बंड नव्हते. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकी नागरिक होते आणि आपल्याच सरकारकडे तहातला शब्द मागत होते.

सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००४ साली न्यू मेक्सिकोतल्या सामाईक सनदांवर अहवाल दिला. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार सारे रीतसर झाले, असा निष्कर्ष त्यात आहे. पुढचे पर्यायही सुचवले आहेत, आणि त्यांतला एक पर्याय काहीच न करण्याचा आहे. आज त्या जुन्या गायरानांपैकी बरीचशी राष्ट्रीय वनांत मोडतात. गावकरी गुरे चारायला नि सरपण तोडायला वनखात्याकडून परवाना घेतात.