ईडनच्या सीमारेषेवरची झूलन

29 डिसेंबर 1997, कोलकात्याचं ईडन गार्डन्स. महिला विश्वचषकाची फायनल, ऑस्ट्रेलिया विरुद्ध न्यूझीलंड. सीमारेषेबाहेर चेंडू परत फेकणाऱ्या मुलींमध्ये होती पंधरा वर्षांची झूलन गोस्वामी. ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिला करंडक उंचावताना पाहिलं आणि ठरलं, आपणही खेळायचं!

नदिया जिल्ह्यातल्या चाकदहाहून पहाटेची लोकल पकडायची, कोलकात्याच्या विवेकानंद पार्कात प्रशिक्षक स्वपन साधूंकडे सराव करायचा, मग परत शाळा. (गाडी चुकली की सराव बुडाला!) जानेवारी 2002 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी भारताकडून इंग्लंडविरुद्ध पदार्पण. पण मला विचाराल तर तिचा खरा दरारा सुरू झाला 2006 मध्ये. टाँटन कसोटीत 78 धावांत 10 बळी, आणि भारताने इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच महिला कसोटी मालिका जिंकली. त्या सामन्याचा धावफलक एकदा शोधून वाचाच!