छातीत पाणी झालं, पण टीबी नाही निघाला तर?

मैत्रिणींनो, ‘छातीत पाणी झालंय’ असं कुणी म्हटलं की आपल्याला आधी टीबी आठवतो. पुष्कळदा तो असतोही. पण क्वचित त्यामागे मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर निघतो. नाव जड आहे, समजायला मात्र अवघड नाही.

आपली फुप्फुसं, हृदय, पोटातले अवयव यांच्याभोवती पातळ, ओलसर पडदा असतो, पोलक्याला आतून अस्तर असतं ना, तसा. हा कॅन्सर त्या अस्तराचा. तो बिडी-सिगारेटमुळे होत नाही. (म्हणून बिडी ओढायला मोकळीक नाही बरं का!) अस्तर कुठलं, यावरून प्रकार पडतात. सगळ्यात जास्त आढळतो तो फुप्फुसाच्या अस्तराचा. धाप लागते, छातीत दुखतं, पाणी काढलं तरी पुन्हा भरतं. दुसरा पोटाच्या अस्तराचा. पोट फुगतं आणि वजन उतरतं. हृदयाच्या आणि पुरुषांच्या अंडकोषाच्या अस्तराचा अगदीच विरळा.

दुसरी वर्गवारी तुकडा काढून तपासल्यावर होते. रिपोर्टात तीनपैकी एक शब्द येतो. ‘एपिथेलिऑइड’ सर्वांत जास्त दिसतो आणि उपचारांना त्यातल्या त्यात बरी साथ देतो. ‘सार्कोमॅटॉइड’ कमी दिसतो, पण फार चिवट. दोन्ही मिसळलेले असतील तर ‘बायफेजिक’. ऑपरेशन करायचं का, औषध कोणतं, हे बरंचसं या शब्दावर ठरतं. तेव्हा रिपोर्टात काय लिहिलंय ते डॉक्टरांना विचाराच. विचारण्यात लाजायचं काही नाही.

याचं मुख्य कारण ॲस्बेस्टॉसची धूळ. तिचे बारीक तंतू श्वासातून आत जातात, आणि आजार दिसतो 20 ते 50 वर्षांनी! लंडनमध्ये 1965 साली रुग्णांची माहिती छापून आली. त्यात कारखान्यात कधीही न गेलेल्या बायकाही होत्या. नवऱ्याचे धुळीने भरलेले कपडे त्या घरी धूत असत, एवढंच. म्हणून डॉक्टरांना आजचंच काम सांगू नका. तुम्ही, नवऱ्याने, वडिलांनी पूर्वी कुठे काम केलं तेही सांगा.

आपल्या घरावरच्या सिमेंटच्या पत्र्यांतही पुष्कळदा ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा अखंड असेल तर घाबरायचं कारण नाही. धोका तो कापताना, भोकं पाडताना, फोडताना. असं काम निघालं तर पोरांना लांब ठेवा, पत्रा ओला करून घ्या. भुगा कोरड्या झाडूने लोटू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्या दिवशीचे कपडे घरात झटकू नका; सरळ पाण्यात बुडवा आणि वेगळे धुवा.